पी०१३५ : सेन्सर नवा टाकला, १२ व्होल्ट येतात, तरी कोड परत. ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खरंच गेला का?

कोथरूड_पेट्रोल :

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची, १.२ लिटर चार सिलिंडर पेट्रोल हॅचबॅक, बीएस४. बाहेरून बसवलेला सिक्वेन्शियल सीएनजी किट आहे. चेक इंजिन लाइट लागतो, कोड पी०१३५, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचा हीटर. मागच्या सेन्सरचा पी०१४१ एकदाही आलेला नाही.

आतापर्यंत झालेलं काम : पुढचा सेन्सर बदलला, त्याच नंबरचा आणि त्याच कपलरचा. कोड पुसला की दोन दिवसांनी परत येतो. मीटरने मोजलं तर नव्या सेन्सरच्या दोन पांढऱ्या वायरींमध्ये ९.४ ओहम आहेत. कपलर काढून इग्निशन ऑन केलं तर वायरिंगच्या बाजूच्या एका पिनवर १२.४ व्होल्ट येतात, बॅटरीवरही १२.४ च. फ्यूज काढून पाहिला, शाबूत आहे.

गॅरेजचं म्हणणं : सेन्सर नवा, सप्लाय येतोय, म्हणजे ईसीएमच्या आतला ड्रायव्हर (हीटर चालू-बंद करणारा स्विच) गेला, ईसीएम बदला. तो खर्च करण्याआधी आणखी काय तपासावं? गाडी चालवताना फरक काहीच जाणवत नाही. फक्त सकाळी पहिल्या दोनेक मिनिटांत सायलेन्सरला पेट्रोलचा वास जरा जास्त येतो.

——

वायरमन७२ :

ईसीएमला इतक्यात हात लावू नका. तुमची तिन्ही मोजमापं बरोबर आहेत, पण त्यातलं एकही लोडवर, म्हणजे वायरीतून करंट वाहत असताना, घेतलेलं नाही.

आधी सर्किट समजून घ्या. बहुतेक गाड्यांत हीटरची एक वायर मेन रिले आणि फ्यूजमधून येते, तिच्यावर सरळ बॅटरीचा प्लस असतो. दुसरी वायर ईसीएमला जाते आणि ईसीएम तिला आतून अर्थ (मायनस) देतो. तोही सलग नाही, ठोक्याठोक्याने चालू-बंद करत. इंजिन थंड असताना जास्त वेळ चालू, सेन्सर तापला की कमी. झिर्कोनियाचा सेन्सर साधारण ३०० ते ३५० अंशांच्या वर गेल्याशिवाय भरवशाचा सिग्नल देत नाही, म्हणून हीटर. तो चालला तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास सेन्सर कामाला लागतो. नाही चालला तर एक्झॉस्टच्या उष्णतेने तापेपर्यंत ईसीएम अंदाजाने पेट्रोल देत राहतो. तुमचा सकाळचा वास तिथून येतो.

आता १२.४ व्होल्टची गोष्ट. डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो. वाटेतली वायर इतकी गंजली की तिथे ४ हजार ओहम तयार झाले, तरी मीटर १२.४ च दाखवेल, कारण मीटर करंट ओढतच नाही. शंभरातला एक धागा शिल्लक असला तरी मीटर खूश. हीटरला मात्र थंड असताना सव्वा-दीड अँपिअर लागतो, आणि तो त्या एका धाग्यातून जात नाही.

म्हणून बल्ब लावा. क्रम असा ठेवा :

१. गाडी रात्रभर थंड झालेली असताना हीटरचे ओहम परत घ्या. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून आधी काय दाखवतो ते पाहा, सहसा ०.२ ते ०.५ येतं, ते वजा करा. गरम सेन्सरवर मोजू नका. तापल्यावर हीटरचा रेझिस्टन्स दुपटीच्या घरात किंवा त्याहून वर जातो आणि चांगला हीटर खराब वाटतो. मग हीटरच्या प्रत्येक पिनपासून सेन्सरच्या लोखंडी बॉडीपर्यंत आणि सिग्नलच्या पिनपर्यंत मोजा. तिथे काहीच जोड दिसता कामा नये. सिग्नलच्या दोन पिनांच्या मध्ये मात्र ओहम लावू नका.

२. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट. हा पावणेदोन अँपिअर ओढतो, म्हणजे हीटरच्या जवळपास. कपलर काढा, इग्निशन ऑन, बल्बची एक वायर सप्लायच्या पिनला, दुसरी थेट बॅटरीच्या मायनसला. बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवर व्होल्ट मोजा. बॅटरीपेक्षा अर्धा व्होल्ट कमी आला तर चालेल. एक व्होल्ट गेला तर शोधायला लागा. काही गाड्यांत हा सप्लाय फ्युएल पंपाच्या रिलेवरून येतो आणि चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंदांत जातो. तसं दिसलं तर इंजिन चालू ठेवून मोजा.

३. आता ईसीएमची बाजू. इथे २१ वॅटचा बल्ब वापरू नका. थंड फिलामेंट पहिल्या क्षणी कितीतरी पट करंट ओढते, ड्रायव्हर स्वतःला वाचवायला बंद होतो आणि तुम्हाला वाटतं की तो मेलाय. पार्किंगचा ५ वॅटचा बल्ब घ्या. एक वायर बॅटरीच्या प्लसला, दुसरी ईसीएमकडे जाणाऱ्या पिनला. कोड पुसा, इंजिन थंड असतानाच चालू करा. बल्ब पेटला किंवा थरथरत पेटला तर ड्रायव्हर जिवंत आहे. कोड पुसणं विसरू नका. बरेच ईसीएम एकदा हीटरचा कोड बसला की त्या फेरीपुरता ड्रायव्हर बंदच ठेवतात.

४. हेच दोन बल्ब घेऊन मागच्या सेन्सरच्या कपलरवर मोजा. पुष्कळ गाड्यांत दोन्ही हीटर एकाच फ्यूजवर असतात. मागचा चांगला निघाला तर फ्यूज, रिले आणि जिथे वायर दोन वाटांनी फुटते तिथपर्यंतचा रस्ता निर्दोष सुटला.

एक सूचना. कपलरच्या मादी पिनांत मीटरची जाड सळई घुसवू नका. पिन पसरते आणि नसलेला लूज काँटॅक्ट तुम्हीच तयार करता. मागून टाचणी सरकवा, किंवा त्याच मापाची नर पिन वायरला लावून घ्या.

——

लांब_पल्ला :

एवढी खटपट कशाला? चार वायरचा युनिव्हर्सल सेन्सर मिळतो, जुन्याची शेपटी कापून जोडायचा. कंपनीच्या सेन्सरच्या अर्ध्या किमतीत काम. नवाच खराब निघाला असेल, होतं तसं.

——

ओहमचा_नियम :

@लांब_पल्ला, युनिव्हर्सल टाकून कधीकधी काम भागतं, पण या कोडवर तो उपाय नाही. सेन्सर एकदा बदलून झालाय आणि ओहम जागेवर आहेत.

शिवाय हीटर सगळे सारखे नसतात. बॉशच्या चपट्या प्लेनर सेन्सरचा हीटर थंड असताना ९ ओहमच्या आसपास भरतो, तर जुन्या टोपणाच्या आकाराच्या सेन्सरचा ३-४ ओहम. ईसीएमने अपेक्षा धरलेली असते की इतक्या व्होल्टला इतका करंट. ९ च्या जागी ४ ओहम आला तर करंट दुपटीवर जातो. कोड तर येतोच, ड्रायव्हरही तापतो. म्हणून पार्ट नंबर जुळवा, नुसता कपलर बसतो म्हणून घेऊ नका.

वायरचे रंगही पक्के धरू नका. बॉश आणि एनटीकेच्या चार वायरींच्या सेन्सरमध्ये सहसा दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नल, राखाडी सिग्नलचा अर्थ. डेन्सोमध्ये दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नल, पांढरी अर्थ. म्हणजे एका ब्रँडची काळी सिग्नलची, दुसऱ्याची काळी हीटरची. जोडणाऱ्याने रंगाला रंग जोडला की १२ व्होल्ट सिग्नलच्या वायरवर. आणि हे रंग फक्त सेन्सरच्या शेपटीचे, कपलरच्या पलीकडे गाडीच्या वायरिंगचे रंग निराळे.

शेपटी कापून सोल्डर करणं तर अजिबात नको. सेन्सरला आत तुलनेसाठी बाहेरची हवा लागते आणि ती बऱ्याच सेन्सरमध्ये वायरच्या धाग्यांमधूनच आत जाते. सोल्डर किंवा कपलरमध्ये कोंबलेलं ग्रीस ती वाट बुजवतं. मग हीटर उत्तम आणि सिग्नल खोटा, असा नवाच प्रॉब्लेम.

आणि पाच-सहा पिनांचा वाइडबँड सेन्सर असलेल्यांनी वरची बल्बची चाचणी करावी, पण हीटरला थेट १२ व्होल्ट देऊन ‘तापतो का’ बघू नये. बॉशच्या एलएसयू ४.९ या वाइडबँड सेन्सरचा हीटर थंड असताना जेमतेम ३ ओहमचा आणि साडेसात व्होल्टच्या हिशेबाने केलेला आहे. ईसीएम त्याला ठोक्यांनी सांभाळून तापवतो. सलग १२ व्होल्ट दिले की सिरॅमिकला तडा.

——

कोथरूड_पेट्रोल :

मोजून आलो. इंजिन थंड, सकाळी सात वाजता.

पुढचा कपलर, बल्ब न लावता : १२.४
पुढचा कपलर, २१ वॅटचा बल्ब पेटवून : ६.८, बल्ब पिवळट
मागचा कपलर, तोच बल्ब : १२.१
ईसीएमच्या पिनवर ५ वॅटचा बल्ब : इंजिन चालू झाल्यावर लगेच पेटला, मिनिटभरात थोडा मंद होऊन थरथरायला लागला.

म्हणजे ईसीएम सुटला असं समजू का?

——

वायरमन७२ :

सुटला. बल्ब पेटला आणि मग मंद झाला, म्हणजे ड्रायव्हर नुसता जिवंत नाही, ठोकेही बदलतोय. एवढं करूनही खात्री हवी असेल तर तोच बल्ब मागच्या सेन्सरच्या पिनवर लावून तुलना करा. मात्र मागचा हीटर काही गाड्यांत उशिरा चालू होतो. सायलेन्सरमध्ये थंड असताना पाणी साचलेलं असतं, ते तापलेल्या सिरॅमिकवर उडालं तर सेन्सर तडकतो, म्हणून ईसीएम आधी पाइप सुकू देतो. तिथे बल्ब लगेच पेटला नाही तर घाबरू नका.

तुमचा गोंधळ सप्लायच्या वायरवर आहे. हिशेब करा : १२.४ मधून ६.८ गेले, ५.६ व्होल्ट वाटेत हरवतात. ६.८ व्होल्टवर २१ वॅटचा बल्ब सव्वा अँपिअरच्या जरा वर ओढतो. ५.६ भागिले १.२८, साधारण ४.४ ओहम. हे वायरीत अडकलेले ओहम. आता तिथे बल्बच्या जागी तुमचा ९.४ ओहमचा हीटर ठेवा. एकूण १३.८ ओहम, करंट ०.९ अँपिअर. खरं तर १.३ हवा होता. वॅटच्या भाषेत हीटरला १६ च्या जागी ७-८ मिळतात, म्हणजे निम्मेही नाहीत. ईसीएम करंट मोजतो, कमी भरला, पी०१३५.

यावरूनच कळतं की पी००३१, म्हणजे याच हीटरच्या वायरवर व्होल्ट कमी असल्याचा कोड, का आला नाही. त्या कोडसाठी ईसीएम सहसा ड्रायव्हर बंद असताना पिनवर व्होल्ट आहेत का एवढंच बघतो. बंद असताना करंट वाहत नाही, त्यामुळे ४ ओहम तिथे लपून राहतात. फ्यूज उडाला असता किंवा वायर पूर्ण तुटली असती तर पी००३१ आला असता. उलट हीटर आतून शॉर्ट असता तर पी००३२, म्हणजे व्होल्ट जास्त असल्याचा कोड. म्हणजे कोडनेच अर्धं सांगितलं होतं : वाट आहे, पण अरुंद आहे.

जागा शोधायला ओहम मोजू नका, व्होल्टचा उतार मोजा. पुढच्या कपलरवर बल्ब पेटलेला ठेवा. मीटरची लाल पिन फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या टोकावर, काळी पुढच्या कपलरच्या सप्लाय पिनवर. साडेपाचच्या आसपास दाखवेल. आता काळी पिन कपलरकडून फ्यूजकडे एकेका जोडावर सरकवत या. जिथे साडेपाचचा एकदम शून्याजवळ येतो, तिथे आणि त्याच्या आधीच्या बिंदूच्या मध्ये खराबी. वायरला भोक पाडत जाऊ नका, पावसात तेच उद्या हिरवं होईल. कपलर, जोड आणि टेप लावलेल्या जागाच पुरेशा आहेत.

पैज नको, पण आधी सीएनजी किटचं वायरिंग बघा. किटला चावीवर येणारा प्लस लागतो, आणि बसवणाऱ्याला सगळ्यात हाताशी सापडतो तो इंजेक्टरचा किंवा पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटरचा. वायर कापायची, तिन्ही टोकं पिळायची, वर काळी टेप. मॅनिफोल्डच्या उष्णतेने टेपचा गोंद वितळतो, पावसाचं पाणी आत जातं, तांब्यावर हिरवट थर. गॅस नीट चालतो म्हणून जोड चांगला असेल असं धरू नका. तीन टोकांपैकी सेन्सरकडे जाणारं टोक एकटंच सुटू शकतं.

——

चिपळूणकर_गिअर :

मध्येच घुसतो, पण हाच विषय आहे. माझ्याकडे पी००३७, म्हणजे मागच्या सेन्सरच्या हीटरच्या वायरवर व्होल्ट कमी. फ्यूज चांगला, बल्बवर सप्लाय १२ च्या वर. सेन्सर १० ओहम. कपलर लावून, इग्निशन ऑन, इंजिन बंद असताना ईसीएमच्या वायरवर शून्य व्होल्ट. सेन्सर घेऊ का?

——

ओहमचा_नियम :

नका घेऊ. कपलर लावलेला असताना आणि ड्रायव्हर बंद असताना त्या वायरवर बॅटरीइतके व्होल्ट दिसायला हवेत. प्लस हीटरमधून आरपार येतो आणि पुढे जायला रस्ता नसतो. अनेकजण इथे उलटं फसतात : दोन्ही पिनांवर १२ दिसले की ‘अर्थ नाही’ म्हणतात, पण ते बरोबर असतं.

तुमच्याकडे सप्लाय आहे, हीटर शाबूत आहे आणि पलीकडे शून्य. म्हणजे ती वायर कुठेतरी बॉडीला टेकली आहे, किंवा क्वचित ड्रायव्हर आतून अर्थला चिकटला आहे. दोन्ही प्रकारांत हीटर इग्निशन ऑन केल्यापासून सलग पेटलेला राहतो, थंड ओल्या पाइपातही. सेन्सर तडकायच्या आत सोडवा, तोपर्यंत कपलर काढून ठेवा.

कपलर काढा, बॅटरीचा मायनस सोडा, त्या वायरपासून बॉडीपर्यंत ओहम मोजा. शून्याजवळ आला तर ईसीएमचा कपलर काढून परत मोजा. अजूनही शून्य, तर वायर टेकली आहे. आकडा गायब झाला, तर ईसीएम. मागच्या सेन्सरची वायर गाडीच्या पोटाखालून जाते, क्लिप तुटली की ती सायलेन्सरच्या पत्र्यावर लोंबते आणि वितळते. तुमच्याकडे पावसाळ्यात उंदीर बॉनेटखाली आसऱ्याला येतात, तेव्हा कुरतडलेली वायरही बघा.

——

कोथरूड_पेट्रोल :

सापडलं. किटचाच जोड, एअर फिल्टरच्या डब्याखाली. पिळलेल्या तीन वायरी, टेप चिकट झालेली, सेन्सरकडे जाणाऱ्या वायरचे धागे हिरवे आणि तीन-चार सोडून सगळे तुटलेले. उतार मोजताना या जोडाच्या अलीकडे ०.२ आणि पलीकडे ५.५ आला. दुरुस्त कसं करू? सोल्डर चालेल का?

——

वायरमन७२ :

हा गाडीच्या वायरिंगच्या बाजूचा जोड आहे, सेन्सरच्या शेपटीचा नाही, त्यामुळे सोल्डर गुन्हा नाही. पण इंजिनच्या थरथरीत सोल्डरच्या कडेला वायर मोडते, म्हणून क्रिंपच करा.

हिरवी वायर मागे कापत जा, लखलखीत तांबं दिसेपर्यंत. वर काळा पडलेला धागा ठेवला तर दोन पावसाळ्यांत परत इथेच याल. कमी पडलेल्या लांबीला १ चौरस मिलिमीटरची, उष्णता सहन करणारी वायर घ्या, घरच्या वायरिंगची नको. बट क्रिंप (दोन टोकं आत घालून दाबायची धातूची नळी) लावा, ओढून बघा, त्यावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक नळी. साधी नळी पाणी अडवत नाही. मॅनिफोल्डपासून लांब क्लिपने बांधा.

आणि किटची वायर त्याच जागी परत जोडू नका. तिला स्वतंत्र रिले आणि स्वतःचा फ्यूज द्या, प्लस थेट बॅटरीकडून आणि रिलेच्या कॉइलला फक्त चावीचा इशारा. हीटरच्या फ्यूजवर किटचे सोलेनॉइड बसवले की एक दिवस रस्त्यात फ्यूज उडतो आणि गॅसबरोबर दोन्ही हीटरही जातात.

झाल्यावर परत २१ वॅटचा बल्ब लावा, मागच्या कपलरइतकाच आकडा यायला हवा. मग सेन्सर जोडून, डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर हीटरच्या एका वायरवर लावा : थंड इंजिन चालू केल्याबरोबर सव्वा अँपिअरच्या वर, मग मिनिटभरात उतरत निम्म्याच्या आसपास. क्लॅम्प नसेल तर मल्टीमीटर १० अँपिअरच्या भोकात लावून सिरीजमध्ये घ्या, आणि नंतर लाल पिन जागेवर परत लावा. ती तशीच ठेवून बॅटरीवर व्होल्ट मोजायला गेलात की मीटरचा फ्यूज गेला.

——

ओहमचा_नियम :

एक भर. कोड पुसून ‘आला नाही, म्हणजे झालं’ असं लगेच म्हणू नका. बऱ्याच गाड्यांत पी०१३५ सलग दोन फेऱ्यांत चूक दिसल्यावरच लाइट लावतो, तुमचे दोन दिवस त्यामुळेच. गाडीच्या स्कॅन सॉकेटला लागणाऱ्या ईएलएम३२७ च्या स्वस्त अडॅप्टरवर मोड ६ (ईसीएमने स्वतः घेतलेल्या चाचण्यांचे आकडे) दाखवणारं अ‍ॅप असेल तर एमआयडी (चाचणीचा क्रमांक) ४१ उघडा. कॅन (गाडीतल्या कॉम्प्युटरांना जोडणारी डेटा लाइन) असलेल्या गाडीत तो पुढच्या सेन्सरच्या हीटरचा असतो, ४२ मागच्याचा. तिथे मोजलेला आकडा आणि त्याच्या किमान-कमाल मर्यादा दिसतात. आकडा मर्यादेच्या काठावर असेल तर अजून कुठेतरी रेझिस्टन्स उरलाय.

काढलेला जुना सेन्सर फेकला नसेल तर त्याचे ओहम थंडपणी मोजा. तोही ९ च्या आसपास भरला तर डिकीत जपून ठेवा. पुढेमागे कधी बसवायची वेळ आली तर : एम१८ चे आटे, २२ चा पाना, ४० ते ४५ न्यूटनमीटर, अँटीसीज (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) फक्त आट्यांवर, टोकाच्या जाळीला चुकूनही नाही. आणि जवळपास साध्या सिलिकॉन सीलंटचं काम करू नका, त्याची वाफ सेन्सर मारते.

——

कोथरूड_पेट्रोल :

जोड केला, किटला वेगळा रिले दिला. बल्बवर १२.१, मागच्याइतकेच. करंट चालू करताना १.३, मिनिटभराने ०.६. एमआयडी ४१ मर्यादेच्या मध्यावर आहे. जुन्या सेन्सरचे ओहम ९.१ निघाले.